पिपच्या रक्तातला घरजावई

१४ सप्टेंबर

पिपची आई गेली. रक्ताचा कर्करोग. कोआलांच्या रक्तातला तो विषाणू नको तिथे घुसला — पेशींना वाढायला लावणाऱ्या जनुकाच्या अगदी शेजारी! पिशवीतलं पिल्लू मात्र जिवंत. दोन मुठींएवढी कोआला. तीच पिप. थेट नोरीनच्या घरी पोचवली. आमच्या प्राण्यांच्या दवाखान्यातली अनाथ पिल्लं तीच वाढवते. म्हातारी बाटली कोमट करून बसलेली!

१६ सप्टेंबर

नोरीन चिडलीय. "डॉक्टर ना तू? मग मार की तो विषाणू!"

चहा घेता घेता सांगितलं. हा बाहेर राहतच नाही गं. पेशीत शिरतो, आपल्या आरएनएवरून डीएनए बनवतो, पेशीच्या डीएनएला चीर पाडून मधे जाऊन बसतो. वरची शिवण पेशीच घालून देते! मग एका पेशीच्या दोन झाल्या की त्याच्याही दोन.

"घरजावई!" नोरीन म्हणाली. "आमचा डॅरिल असाच. दोन दिवसांसाठी आला होता."

हसता हसता चहा सांडला.

२ ऑक्टोबर

पिपची रक्ततपासणी आली. विषाणूचा एक प्रकार आहेच — तो इकडच्या कोआलांत आईबापाच्या बीजातूनच येतो. पण दुसराही निघाला. आईला नेणारा.

"मरणार का गं?"

माहीत नाही. कुठे जाऊन बसलाय त्यावर आहे.

"बरं. दुधाची वेळ झाली."

२० नोव्हेंबर

पिपने पानं खाल्ली!!

९ जानेवारी

नोरीन म्हणे, माणसांत नसतात ना असले घरजावई? असतात की. लाखो वर्षांपूर्वी घुसलेले, आता मोडकळीला आलेले. एकाचं जनुक तर आपण कामाला लावलंय — त्याच्याविना बाळाची वार नीट बनत नाही.

तिने कप खाली ठेवला. मग — "चार बाळंतपणं झाली माझी. कुणी सांगितलं नाही!"

३० ऑगस्ट

पिपला सोडलं. दवाखान्यातले काही म्हणत होते, आजारी पडेल, पिंजऱ्यातच ठेवा. नोरीन म्हणाली, "पडेल तेव्हा पडेल. आज तर झाडावर चढू दे!" मीही तिच्याच बाजूने बोलले. पिप सरसर वर गेली. वळूनसुद्धा पाहिलं नाही कार्टीने. नोरीन झाडाकडे पाठ करून नाक पुसत होती.

२२ मार्च

सोडल्याला दीड वर्ष उलटलं. पिप कुणाला दिसलेली नाही. नोरीन विचारत नाही. मीही विषय काढत नाही.

११ ऑक्टोबर

पिप! कानात आमचा पिवळा बिल्ला, पाठीवर पिल्लू. पिल्लातही तो विषाणू उतरलाय का बघायला, रक्त घ्यायचं सामान घेऊन धावले. नोरीन आणि मी, दोघी झाडाखाली मान वर करून उभ्या राहिलो. सामान न उघडताच परत आणलं.