चौथ्या मजल्यावरील वृद्ध इसम मीच असल्याबाबत

प्रति,
मा. अग्निसुरक्षा अधिकारी (उंच इमारती),
नगर अग्निशमन कार्यालय,
फ्रेझर नदीकाठ, ब्रिटिश कोलंबिया.

अर्जदार : सेतो वाइ-चुंग, वय ७९, निवृत्त रखवालदार, गोल्डन हेरॉन इमारत, मजला १.

विषय : सदर इमारतीत मजला क्र. ४ नसल्याबाबत, आणि त्यावर राहणारा वृद्ध इसम मीच असल्याबाबत.

संदर्भ : १) श्रीमती माक युक-लान (वय ८३, मजला ५) यांनी भरून दिलेला ‘आगीच्या वेळी मदत लागणाऱ्यांचा’ तक्ता.
२) आपले पत्र, दि. २९ ऑक्टोबर २०१८.

महोदया,

१. दोन वर्षांपूर्वी आपण पाहणीस आलात तेव्हा फुटपाथवर उभ्या राहून बोटाने मजले मोजलेत. सतरा भरले. मग लिफ्टमध्ये शिरलात, तर बटणे विसापर्यंत. आपण मला विचारलेत, “चार कुठे आहे?” मी म्हणालो, “रंगवायला काढलाय, मॅडम.” ही थाप होती, आणि आपण ती लिहून घेतलीत याचे मला आजही वाईट वाटते. खरे असे की आमच्या कँटोनीज बोलीत चार म्हटले की माणसाला मरण ऐकू येते. म्हणून बांधणाऱ्याने चार आणि चौदा गाळले, आणि गोऱ्या गिऱ्हाइकांनाही बरे वाटावे म्हणून मधला तेरा गाळला. त्यात माकताई हाँगकाँगच्या. तिकडे रस्त्यालगतचा मजला मोजण्यातच धरत नाहीत, त्यामुळे त्या स्वतःला तिसऱ्यावर समजतात. लिफ्ट त्यांना पाचव्यावर सोडते. आपले बोट त्यांना चौथ्यावर ठेवते. एक बाई, एक स्वयंपाकघर, तीन मजले. इथवर माझा दोष नाही. पुढचा सगळा माझा आहे.

२. लिफ्टच्या सामानात ४ आकड्याची एक पितळी पट्टी उरली होती. ती मी तीन आणि पाचच्या मधे, जिन्याच्या वळणावर झाडू-फडकी ठेवायचे कपाट आहे, त्याच्या दारावर गंमत म्हणून ठोकली. कपाटात एक बादली, एक स्टूल आणि बसलेला एक माणूस मावतो. तिथे मी खारे मासे वाळवत असे, जे इमारतीच्या नियमात बसत नाही. सन १९९६ मध्ये माकताई नव्याने राहायला आल्या आणि आठवड्याभरात तक्रार घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. “अरे चुंग, जिन्यातून मासळीचा वास येतो. कोण मेलं आहे तिथे?” मी घाबरलो. तोंडातून निघून गेले, “ते चौथेकाका हो, माकताई. चौथ्या मजल्यावर असतात. एकटे आहेत, लाजाळू आहेत, दात नाहीत. सांभाळून घ्या.” ताईंनी माझ्याकडे नीट पाहिले आणि त्या गेल्या.

३. पुढच्या गुरुवारी दुपारी त्या दारासमोर एक थर्मास होता. आत कमळकंद, शेंगदाणे आणि डुकराची हाडे घालून तासन्‌तास उकळलेले सूप. महोदया, माझी बायको जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती आणि मी डब्यातल्या घेवड्यावर जगत होतो. मी झाकण उघडले, आणि माझे वाटोळे झाले. त्यानंतरचे बावीस वर्षांतले सगळे गुरुवार मी त्या कपाटात दार लावून, कानातले यंत्र काढून ठेवून (भुरका मारला की ते शिट्टी वाजवते) सूप प्यालो आणि थर्मास होता तिथे ठेवून दिला. सूप चालू राहावे म्हणून काकांनाही चालू ठेवणे भाग होते. मी त्यांना जहाजावरचे आचारी केले. वादळात सुटलेला नांगर त्यांनी दातांनी धरला, जहाज वाचले, दात गेले. लोकांना हे फार आवडले. हरवलेल्या छत्र्या काकांच्या नावावर लागू लागल्या. एका वर्षी रहिवासी मंडळाच्या निवडणुकीत काकांना सात मते पडली आणि श्री. पून यांना सहा. श्री. पून अजून माझ्याशी बोलत नाहीत. लाज वाटून मी दोनदा काकांना मारायचे ठरवले, पण दोन्ही वेळा बुधवार होता.

५. (वरचा क्रमांक सवयीने सुटला. शेवटी भरून काढतो.) गुरुवार, दि. १८ ऑक्टोबर रोजी नवव्या मजल्यावर कढई पेटली आणि भोंगा वाजला. त्या दिवशी मी सूप अर्धेच पिऊन, कपाटाच्या दारात बसवलेले कुलूप (आतून-बाहेरून सारखेच लागते) लावून खाली फुटपाथवर आलो होतो, कारण नवे भाडेकरू उतरले होते आणि त्यांना नांगराची गोष्ट सांगायची होती. मी ती हातवारे करून सांगत होतो. नेमक्या त्या वेळी माकताई जिन्याने उतरत होत्या. त्या वळणावर थांबल्या आणि काठीने ते दार बडवू लागल्या. शेजारच्या फुंगबाई म्हणाल्या, “ताई, चला, इथे कुणी नाही.” ताई म्हणाल्या, “तू हो पुढे. म्हातारा आत आहे.” त्यांनी कडी धरून ओढली, कडी हातात आली, आणि त्या सात पायऱ्या खाली पडल्या. खुब्याचे हाड मोडले. आपल्या जवानांनी दार फोडले तेव्हा आत स्टूल, बादली, अकरा मासे आणि कोमट थर्मास मिळाला. इसम मिळाला नाही. इसम खाली नांगर दातात धरून उभा होता.

६. ताईंनी आपल्या तक्त्यात लिहिले होते : “मजला ४. एक वृद्ध पुरुष. एकटा. कानाने कमी ऐकतो. हट्टी आहे, हाकेला ओ देणार नाही. आधी याला उचला.” आपण संदर्भ २ अन्वये कळवले की असा मजला व असा रहिवासी नसल्याने सदर नोंद रद्द होत आहे. हे बरोबरच आहे. परंतु त्या पत्राची प्रत रुग्णालयात गेली, आणि तिथल्या मंडळींनी त्यावरून असे ठरवत आणले आहे की ही रुग्ण बाई, नसलेल्या मजल्यावरचा नसलेला माणूस सांगते, म्हणजे तिचे चित्त ठिकाणावर नाही. तिने घरी एकटीने राहू नये, नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात जावे. निर्णय मंगळवारी, ६ नोव्हेंबरला आहे. त्यांचे चित्त ठिकाणावर आहे. मजला मी रचला, माणूस मी रचला. त्यांनी फक्त माझ्यावर विश्वास ठेवला. तसे आपण रुग्णालयास मंगळवारपूर्वी लेखी कळवावे आणि शिक्षा मला करावी. रखवालदाराची खोली मंडळाने मला म्हातारपणी दयेने राहू दिली आहे. ती काढून घेतली तरी माझी तक्रार नाही.

४. वरील मजकूर मी शुक्रवारी लिहिला. पाठवण्याआधी त्यांची माफी मागावी म्हणून काल रुग्णालयात जाऊन तो त्यांना वाचून दाखवला. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. नांगराच्या गोष्टीशी हसल्या. संपल्यावर म्हणाल्या, “चुंग, तुझ्या चौथेकाकांना दात नाहीत ना? मग हाडं चावून चावून थर्मासात परत कोण टाकत होतं?”

मी विचारले, “कधी कळलं तुम्हाला?”

“दुसऱ्या गुरुवारी. सरळ हातात दिलं असतं तर तू घेतलं असतंस का? ‘जेवलोय, ताई’ म्हणाला असतास.”

“मग त्या दिवशी दार कशाला बडवलंत?”

“गुरुवार होता, मूर्खा. तू कानातलं काढून बसतोस. भोंगा तुला ऐकू आला असता का?”

महोदया, मी पलंगाखालच्या त्यांच्या चपला जोडीने लावल्या. मग विचारले की हे त्यांनी डॉक्टरांना का सांगितले नाही. त्या म्हणाल्या, “सांगितलं असतं तर तुझी खोली गेली असती. मला काय, म्हातारीला विसरभोळी म्हणाले तर म्हणाले.” आणि भिंतीकडे तोंड करून वर म्हणाल्या, “मासे मात्र यापुढे खाली वाळव.”

सबब परिच्छेद ६ मध्ये एक दुरुस्ती. ‘त्यांनी फक्त माझ्यावर विश्वास ठेवला’ हे वाक्य खोडावे. त्यांनी माझ्या एकाही शब्दावर कधी विश्वास ठेवला नव्हता, आणि त्या माझ्यासाठीच पडल्या. ज्या बाईला बावीस वर्षे हे समजत होते आणि जिने ते कुणाला कळू दिले नाही, तिचे चित्त ठिकाणावर आहे की नाही, हे आपणच रुग्णालयास कळवावे.

तसेच तक्त्यातील नोंद रद्द करू नये, ही विनंती. त्यात फक्त नाव भरायचे राहिले आहे. वृद्ध, एकटा, कानाने कमी ऐकणारा, हट्टी, हे शब्द मी पुन्हा पुन्हा तपासले. सगळे खरे आहेत. खोटा आहे तो केवळ मजला. तिथे १ करावे.

आपला अपराधी,
सेतो वाइ-चुंग
दि. ४ नोव्हेंबर २०१८
(या तारखेस मी आजवर कोणत्याही कागदावर सही केलेली नाही.)

सोबत : १) पितळी पट्टी, ४ आकड्याची.
२) कपाटाची किल्ली. कुलूप आपल्या जवानांनी तोडले आहे, तरी हिशेबाला.
३) थर्मास जोडलेला नाही. तो धुऊन, मला जमले तसे सूप भरून, रुग्णालयात पोचवला आहे. मीठ कमी असल्याचे कळले.