नाव घातलेल्या बॅटऱ्यांची वाटणी

मी, प्रतिभा भारत विधाते, वय एकसष्ट, राहणार निफाड, पूर्वीची नोकरी गोदातेज बॅटरीज, विंचूर रस्ता, चार्जिंग विभाग, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी भरीस घातलेले नाही. पुढचे वाचून माझ्या डोक्याविषयी शंका आली तर माझ्याशी नव्हे, बॅटरी किती भरली ते मोजणाऱ्या हायड्रोमीटरशी भांडावे.

कलम एक. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, पोस्टातली ठेव आणि माझ्या पाटल्या एकुलती मुलगी योगिनी हिला. पाटल्या मोडून स्कूटर घेऊ नये.

कलम दोन. शिवणयंत्र समोरच्या झुंबरबाईंना. त्यांनी नेलेला आमचा पाटाही त्यांच्याकडेच राहू द्यावा. माफ करायला मला काही वाटत नाही, परत मागायचा मात्र कंटाळा येतो.

कलम तीन. मागच्या गॅलरीतल्या तीन बॅटऱ्या. खरे तर हा कागद त्यांच्यासाठीच आहे.

आमच्या कंपनीत रीत होती. कामगार कायम झाला की त्या दिवशी लाइनवरून उतरलेल्या पहिल्या बॅटरीवर थोरले शेठ ऑइलपेंटने त्याचे नाव घालत. ती विकायची नाही. चार्जिंग रूमच्या मांडणीवर ठेवायची आणि खंडेनवमीला हळदकुंकू वाहून चार्जिंगला लावायची. शेठनी मनोज आणि अमित या आपल्या मुलांनाही लाइनवर उभे केले होते, म्हणून त्यांच्याही होत्या. सगळ्यांत पाणी टाकायचे काम माझे.

थोरले शेठ गेले आणि भावाभावांत जुंपली. मनोजशेठना ट्रकच्या बॅटऱ्याच बनवायच्या होत्या, अमितशेठना जागा विकायची होती. ऑर्डरी तुटल्या, कामगारांत दोन तट पडले, चहाच्या किटल्यासुद्धा वेगळ्या झाल्या. अमितशेठनी मनोजशेठविरुद्ध माझी सही मागितली. मी खाल्ल्या मिठाला जागले, सही दिली नाही. पुढे मनोजशेठचे कोणी कान भरले कोण जाणे, त्यांनीच मला वॉचमनकरवी गेटवरून परत पाठवले. माझा जेवणाचा डबाही आत राहिला. हे मी विसरलेले नाही.

डबा मागायला गेले, तर अमितशेठ मांडणी रिकामी करून सगळे भंगाराच्या गाडीत भरत होते. डबा मिळाला नाही. हाताला लागल्या त्या तीन बॅटऱ्या मी रिक्षात घातल्या. एक माझी, एक माझ्या जोडीला चार्जिंगवर असलेल्या लहानूची आणि एक मनोजशेठची. त्यांची कशाला, असे योगिनी अजून विचारते. थोरल्या शेठनी सगळ्यांत पाणी टाकायला सांगितले होते, एवढेच माझे उत्तर आहे. अमितशेठची स्वतःचीही त्या गाडीत गेली. त्यांनी नावे वाचली नव्हती.

भंगारवाल्याने त्या बॅटऱ्यांचे शिसे वितळवले त्याच आठवड्यात अमितशेठ वारले. लाइनवरची भागीबाईही गेली. बाकीचे पांगले होते, त्यांचे काही कळले नाही. डॉक्टरांनी कारणे वेगवेगळी लिहिली, मीही ती खरी मानली. मग मागच्या वर्षी एका सकाळी लहानूच्या बॅटरीत हायड्रोमीटर लावला, तर काचेच्या नळीतला तरंगक तळाला बसलेला, वर येईना. आदल्या दिवशी बॅटरी पूर्ण भरलेली होती. दुपारी पेठहून त्याच्या बायकोचा, सखुबाईचा फोन आला. "ताई, म्हातारा गेला सकाळी. काय झाला नाय त्याला, नुसता बसला होता."

तेव्हापासून रोज सकाळी तिन्ही तपासते. दसऱ्यापासून माझी उतरत चालली आहे, चार्जिंग घेत नाही. जिना चढताना मध्ये बसावे लागते. शेजारची मनोजशेठची मात्र काठोकाठ भरलेली. योगिनी म्हणाली, "आई, जंपर केबल लाव. त्यांच्यातलं तुझ्यात घे. त्यांनी तुझा डबासुद्धा दिला नव्हता." मी नको म्हणाले. मोह झाला नाही असे लिहिले तर ते खोटे ठरेल.

साक्षीदार म्हणून मुद्दाम मनोजशेठनाच बोलावले आहे. त्यांनी हे वाचूनच सही करावी.

इथवर काल लिहिले होते. आज उठले ती ताजीतवानी. दूध आणून जिना न थांबता चढले, आणि मग मला भीती वाटली. गॅलरीत पाहिले, तर माझ्या आणि मनोजशेठच्या बॅटरीत केबल जोडलेली. योगिनी दारात रडत उभी होती. तेवढ्यात मनोजशेठचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "प्रतिभाताई, आज येणं जमेल असं वाटत नाही. उठवतच नाहीये."

केबल काढून त्यांची चार्जरला लावून पाहिली, घेईना. मग तीच केबल पुन्हा जोडली. दोन्ही सारख्या झाल्या की प्रवाह थांबतो, हे मी नव्या पोरांना शिकवत आले. आज थांबला नाही. निम्म्यावर केबल काढता आली असती, तिथेच थांब म्हणून योगिनीने हात धरला होता. माझी कालच्या खुणेवर उतरली तेव्हाच काढली. म्हणून इथून पुढचे अक्षर वाकडे आहे.

तरी लहानूची बॅटरी सखुबाईला द्यावी. मनोजशेठची त्यांनी आजच घेऊन जावी, यापुढे पाणी त्यांनीच टाकावे. माझी योगिनीकडे राहील, भंगारात घालू नये. केबल कापून टाकावी. योगिनी, तुझ्या नावाची बॅटरी कुठेच नाही, याचे मला फार समाधान आहे. माझ्यावर रागावू नकोस.

ठिकाण: निफाड, जि. नाशिक
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५

सही: प्रतिभा भारत विधाते

साक्षीदार १: सविता कापसे, शेजारी. ताईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: मनोज कर्पे. ताईंनी माझ्यासमोर सही केली. सगळे वाचले. जिना न थांबता चढून आलो. त्यांचा डबा परत आणला आहे.