दोन सीटची गाडी

१० सप्टेंबर २०२५, बुधवार

पितृपक्षात गाडी घेत नाहीत, हे प्रज्वलला मान्य आहे. पाहायला काय हरकत, असं त्याचं म्हणणं. मग गेलो संभाजीनगरला — मी, तो आणि त्याची आई.

गाडी जमिनीला चिकटलेली. आत शिरताना आधी पाय टाकायचा की डोकं, तेच कळेना. बाहेर निघताना गुडघ्यांवर हात टेकून 'राम' म्हणावं लागलं. शोरूमचा मुलगा हसला नाही. शिकवलेलं असावं.

पुष्पांजली गाडीभोवती दोन चकरा मारून आली आणि मला हळूच म्हणाली, "आन मी कुठं बसू?" मागं सीटच नाही! दोनच माणसं. प्रज्वल म्हणाला, आई, स्पोर्ट्स कार आहे, काळीपिवळी नाही. येताना ती बोलेरोच्या मागच्या सीटवर पाय पसरून बसली.

१३ सप्टेंबर, शनिवार

तीन गाड्यांवर आलो आहोत. पिवळी आहे ती प्रज्वलच्या मनात. तिचा आवाज मला सोसला नाही — सुरू केली तेव्हा छातीत धडधडलं. लाल आहे ती जरा स्वस्त, पण लाल रंग मला नको. राहिली राखाडी, जर्मन. ती गप्प असते आणि पळते. मला ती आवडली. आवडली हे इथंच लिहितो, कुणाला बोललो नाही.

गावात कळलंच. शेजारचा रवी लोणारच्या रस्त्यावर काळीपिवळी चालवतो. त्यानं गावाच्या तोंडाशी असलेला गतिरोधक वीत लावून मोजला आणि पारावर सगळ्यांदेखत सांगितलं, "ज्ञानेश्वरभाऊ, गाडी घेऊन राह्यले का घोरपड? पोट घासन तिचं." लोक हसले. मीही हसलो.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज स्वतःला विचारलं — पन्नाशीला आलेल्या माणसाला ही गाडी कशाला? माळ ओढणारा माणूस मी. पोराचा हट्ट म्हणून, असं सगळ्यांना सांगतो. ते खरं नाही.

आमचं वावर समृद्धी महामार्गात गेलं. सगळं नाही, पण विहीर, निंब आणि काळीभोर जमीन होती ती सगळी. रस्ता आता बरोबर त्याच्यावरून जातो. त्यावरून जायचं टाळता येत नाही, संभाजीनगरला तोच रस्ता. विहिरीची जागा आली की मी मनात रामनाम धरतो. बोलेरोत वावर ओलांडायला अकरा वेळा नाम होतं. तेवढा वेळ समोर पाहत बसायचं, उजवीकडं पाहायचं नाही. बापाला औतानं तेवढंच जायला अख्खी सकाळ लागायची.

प्रज्वलला सहज विचारलं, या राखाडी गाडीत किती वेळ लागेल? त्यानं मोबाइलवर हिशेब केला. निम्म्याहून कमी. म्हणजे पाच वेळा नाम.

मला तेच हवं आहे. लवकर संपावं.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

पान ठेवलं. कावळा आला नाही. पुष्पांजली म्हणाली, टॉवरमुळं कावळे कमी झाले.

२३ सप्टेंबर, मंगळवार

दुसरी माळ. राखाडी गाडी पक्की केली. एक तयार उभी होती म्हणून पाडव्याला मिळते. प्रज्वल दोन दिवस पिवळीसाठी रुसला, मग आला वळणावर.

रात्री जेवताना पुष्पांजलीनं विचारलं, ओवाळायला कोण?

आमच्या घरात लेकीनं ओवाळल्याशिवाय घरचा कर्ता नव्या गाडीत बसत नाही. बापानं ट्रॅक्टर आणला तेव्हा मी अकरा वर्षांचा. माझी बहीण वंदनाआक्का चौदाची. तिनं ओवाळलं, ट्रॅक्टरच्या कपाळाला — असं तीच म्हणायची — कुंकू लावलं, तेव्हा कुठं बाप वर चढला. बोलेरोलाही तीच आली होती, सोनाळ्याच्या सासरहून, तीन एस.टी. बदलून.

त्यानंतर बोलेरो जुनी झाली. आक्का नऊ वर्षांत एकदाही दिवाळीला आली नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

सोनं वाटलं. आक्काला फोन लावला नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

लिहूनच टाकतो. इथं नाही लिहायचं तर कुठं?

२०१६ चा फेब्रुवारी. बाप जाऊन वर्ष झालं होतं. सातबाऱ्यावर माझं आणि आक्काचं नाव लागलं होतं. एका संध्याकाळी किसनराव, आमच्या गावचे कोतवाल तेव्हा, घरी आले आणि म्हणाले, मोजणीवाले येऊन राह्यले, रस्त्याची रेघ तुझ्या वावरातून जाते. पैसा येईल, लय येईल. मी त्यांना म्हणालो, कुणाला बोलू नका.

चार दिवस मीही कुणाला बोललो नाही. पुष्पांजलीलाही नाही. पाचव्या दिवशी आक्काला बोलावून घेतलं. म्हणालो, हक्कसोड करून टाकू, एकच नाव असलं की कामं सोपी होतात. बहिणी करतातच. आमच्यात कुठली बहीण वावर मागते? ती सकाळच्या गाडीनं बीबी गावच्या स्टँडवर उतरली. मी तिथं पोचलो तेव्हा ती माझी वाट पाहत बसली होती. तिथूनच जीपनं लोणारला गेलो.

वाटेत तिनं एकदाच विचारलं, "ज्ञाना, काही सांगाचं हाये का?"

मी म्हणालो, नाही.

तिनं सही केली. अंगठ्याचा ठसाही दिला. आमच्याकडं बहिणीनं हक्क सोडला की तिला लुगडं नेसवतात. बाजारात गेलो. दुकानदारानं आधी चांगलं दाखवलं. मी म्हणालो, त्याच्याखालचं दाखवा. हिरवं घेतलं. आक्का बाजूलाच उभी होती.

दोन महिन्यांनी नोटीस आली. सगळ्या तालुक्याला कळलं, तिलाही कळलं असेल. फोनवर म्हणाली, बरं हाये. तेव्हापासून बरंच आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज फोन केला. भाऊजींनी उचलला, संत्र्याला यंदा गळ लागली म्हणून बराच वेळ बोलत राहिले. मग आक्का आली. म्हणालो, गाडी घेतोय, पाडव्याला ये, ओवाळायला.

कोणती, तिनं विचारलं. सांगितलं. किती माणसं बसतात? दोन, म्हणालो.

"दोनच? मंग कोनासाठी घेतली बे?"

मी पाडव्याची तारीख सांगितली. येते की नाही, ते ती बोलली नाही.

२२ ऑक्टोबर, पाडवा

गाडी आली, ट्रकवर बसून! रवीनं गतिरोधकाच्या दोन्ही अंगाला फळ्या लावल्या, तरी पोट घासलंच. मुंगीच्या चालीनं प्रज्वलनं दारात आणली. अख्खं गाव जमलं. नारळ फुटला, लिंबं चाकाखाली फुटली.

आक्का आली नाही. शेवटच्या एस.टी.पर्यंत थांबलो. पुष्पांजलीनं ओवाळलं. मी बसलो नाही. प्रज्वल लोकांदेखत म्हणाला, बाबा, कुठल्या जमान्यात राहून राह्यले तुम्ही? बरोबर आहे त्याचं. त्याला काही माहीत नाही.

गाडीवर चादर टाकली आहे. खिडकीतून पाहिलं तर प्रेत झाकल्यासारखी दिसते. शिव शिव! काय लिहितो मी हे.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

आक्का आली.

दुपारी, न सांगता. हातात पिशवी. केस पांढरे झाले आहेत सगळे. नेसली होती ते हिरवं लुगडं. मी लगेच ओळखलं. नवंच्या नवं आहे — नऊ वर्षांत नेसलंच नसावं.

पुष्पांजली रडायला लागली तर तिलाच दटावलं, आधी ताट कर. चादर काढली. गाडीला कुंकू लावलं, वाकून, कारण कपाळ फार खाली आहे. मग मला पाटावर बसवून ओवाळलं. मी ताटात पाकीट ठेवलं. तिनं उघडून पाहिलं नाही. माझ्या खिशात परत घातलं, सुपारी तेवढी घेतली.

मग म्हणाली, चाल, फिरवून आन मले.

तिला आत बसवताना कंबर धरावी लागली. दोन सीट, दोघं भावंडं. महामार्गाला लागलो. ही गाडी मी पहिल्यांदाच चालवत होतो, आणि वावर जवळ येत होतं. दाबली असती तर पाच वेळा नाम झालं असतं. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. हळू घे, म्हणाली. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत गेले. तिनं उजवीकडं बोट केलं — निंब इथं. विहीर इथं. झोका इथं होता, तू पडला होता ना, ओठ फुटला होता. मी नाम धरलंच नाही. पाहिलं. नुसता काँक्रीटचा उतार आणि लोखंडी कठडा.

वावर मागं गेलं. तिनं माझ्याकडं न पाहता विचारलं, "ज्ञाना, काही सांगाचं हाये का?"

तोंडापर्यंत आलं होतं. सणाचा दिवस, ती नऊ वर्षांनी आलेली — आज नको, असं वाटलं.

नाही आक्का, म्हणालो.

तिनं मान हलवली. मुक्कामाला राहिली नाही. सोडायला गाडीनं येतो म्हणालो तर नको म्हणाली, एस.टी.नं गेली.

२६ ऑक्टोबर, रविवार

किसनराव काठी टेकत गाडी पाहायला आले. फार थकले आहेत. चहा घेता घेता बोलले, "वंदना येऊन गेली म्हने. बरं झालं. आता सांगाले हरकत नाही. सहीच्या दिवशी सकाळी मले स्टँडावर भेटली व्हती ते. सरळ इचारलं, रस्ता आमच्या वावरातून जाते का? मी खोटं नाही बोललो. तर म्हने, मले कळलं हे ज्ञानाले सांगू नका. तो सोताच सांगन."

म्हणजे अंगठा दिला तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं.

दोनदा विचारलं तिनं. दोन्ही वेळा मी नाही म्हणालो.