मंजू मला दादा म्हणते

८ जानेवारी
मंजूला सकाळी कंपू भागातल्या इस्पितळात आणलं. घास श्वासनळीत गेला होता, त्याचा न्यूमोनिया. ओठ निळे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पहचानती हैं? कुछ बोलती हैं?"
मी म्हणालो, "हाँ. मुझे दादा कहती है."
मंजू, माझी धाकटी बहीण, अडतीस वर्षांची आहे. आजवर एक शब्द बोललेली नाही. मला ओळखते का, ते मलाही माहीत नाही.
नळी घातली, श्वासाचं मशीन लावलं.

९ जाने.
कोर्टात गेलो नाही. जयेंद्रगंजला ऑफिसात नुसता बसून.
खोटं बोललो याची लाज नाही, वकील आहे. लाज याची की खरं पुरेल असं वाटलं नाही. खरं काय, तर भरवावं लागतं, कपडे बदलावे लागतात, उन्हात निजवली की शांत होते. एवढ्यावर मशीन कोण देईल, असं मला, म्हणजे मलाच...
आईला सांगितलं नाही.

१२ जाने.
काल नळी निघाली. आज राउंडला डॉक्टरीणबाई मंजूवर वाकून म्हणाल्या, "मंजू जी, दादा कहिए." थांबल्या. परत म्हणाल्या. मी खिडकीकडे बघत होतो.
नंतर आई : "असं काय म्हणायला लावत होत्या तिला?"
"सगळ्यांनाच लावतात."
दुसरं खोटं.

१३ जाने.
बाईंनी बाजूला घेतलं. बोलणं गेलंय, ओळख गेलीय, म्हणजे ऑक्सिजन कमी पडून मेंदूला इजा झाली असणार. "अब फिर साँस बिगड़े तो ट्यूब डालना ज़्यादती होगी. सोच लीजिए."
मी मान हलवून आलो. जे तिच्याकडे कधी नव्हतंच, ते गेलं म्हणून.
बाड्यावरच्या बाजारात उगाच फिरत राहिलो. घरी जाववेना.

१४ जाने.
संक्रांत. आईने नर्सना तिळगूळ दिला.
सांगितलं. बाईंना, आईसमोरच. "मैडम, वह कभी बोली ही नहीं. मैंने झूठ कहा था."
त्या रागावल्या नाहीत. "यानी जैसी थीं वैसी ही हैं. यह तो अच्छी बात है." मग म्हणाल्या, "मशीन तो वैसे भी लगाते. बेहोशी कितनी है, यह देखने को पूछती हूँ. सबसे पूछती हूँ."
म्हणजे मंजूची परीक्षा कुणी घेतलीच नव्हती. ती मी घेतली. मीच तिला नापास केलं, आणि कॉपी करून पासही मीच केलं.
आई मंजूची लाळ पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, "तिनं दादा म्हणावं असं वाटायचं का रे तुला?"


१६ जाने.
ताप परत. श्वास वाढलाय.
बाई : "इस बार सचमुच पूछ रही हूँ. ट्यूब से तकलीफ़ होगी, और वह समझ नहीं पाएँगी कि क्यों. न डालें, तो शायद न बचें. शाम तक बता दीजिए."
एरवी बाजू मांडायला मला वेळ लागत नाही. आईला विचारलं. म्हणाली, "माझ्याच्याने नाही ठरवलं जात. तू सांग. पण तिचा विचार करून सांग, तुझा नको."
बाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. नको म्हणावंसं वाटतं. तिला त्रास नको म्हणून, की आपण सुटावं म्हणून, हे माझं मलाच कळत नाही.