बदामाच्या कडेचा हलवा

निजामपुरा, बडोदे
२४ जानेवारी २०२४

ती. निरुपमावन्सं यांना
मोहनाचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, इकडे सगळे बरे आहोत. एकाच गावात राहून नणंदेला टपालाने पत्र पाठवणारी भावजय बहुधा मी एकटीच असेन. पण संक्रांतीपासून रोज फोन करते आहे आणि तुम्ही उचलत नाही. शेवटी तुमच्या भावानेच सुचवलं, की ताईने जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, पत्राला उत्तर न देणं तिला जमायचं नाही.

संक्रांतीला तुम्ही आला नाहीत. मितालीची लग्नानंतरची पहिली संक्रांत, काळ्या साडीत छान दिसत होती. हलव्याचे दागिने पुण्याहून मागवले ते तुमच्या गुडघ्यांना त्रास नको म्हणून, हे मी तेव्हाच फोनवर सांगितलं होतं. त्याचा राग धरला असेल तर सोडून द्या.

आता खरी अडचण. आपल्या सूनबाई घरी बिस्किटं करायला लागल्या आहेत. बिस्किटं म्हटलेलं आवडत नाही, कुकीज म्हणायचं. छाणीच्या एका नव्या कॉफीच्या दुकानाने व्हॅलेंटाइन डेसाठी तिच्याकडे दीडशे कुकीज मागितल्या आहेत, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराच्या, वर गुलाबी-पांढरं आयसिंग आणि नावं. पहिलीच ऑर्डर, पोरगी हवेत होती. मी सासूपणाने शहाणपणा शिकवायला गेले आणि नानखटाईसारखं भरपूर तूप अन् सोडा घालायला लावला. ओव्हनमध्ये बदाम असे फुगले की खाच कुठे अन् टोक कुठे ते कळेना. यशराजने त्यांना बटाटेवडे म्हटलं, त्यावरून नवराबायकोत दोन दिवस अबोला होता.

दुसऱ्या खेपेला आकार जमला तर आयसिंग वाळेना. मुंग्या येतील म्हणून मी ती बिस्किटं डब्यात झाकून ठेवली. सकाळी बघते तर गुलाबी रंग सगळा पांढऱ्यात उतरलेला. मिताली त्या दिवशी जेवली नाही. मला फार वाईट वाटलं. साखरेतलं तुमच्याइतकं आपल्या घरात कोणालाच कळत नाही. रागातच का होईना, दोन ओळी लिहा.

तुमचा लोभ पूर्वीइतका नसेल तर अर्धा तरी चालेल, पण असावा.

तुमची
मोहना

---

तरसाली, बडोदे
२८ जानेवारी २०२४

चि. सौ. मोहना हिस
अ. उ. आ.

रमाकांतने मला बरोबर ओळखलं. पत्र आलं की माझा हात शिवशिवतो.

आधी बिस्किटांचं. मी ती कधी केली नाहीत, पण साखर मला ओळखते. सोडा अजिबात घालू नका. तुपाऐवजी बटर घ्या, आणि बदाम कापून झाले की ताटासकट अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मग भाजा, म्हणजे पसरणार नाहीत. कडेची रेघ घट्ट आयसिंगची हवी, आतलं भरायचं ते पातळ. हलव्याला आपण पहिला पाक सुकल्याशिवाय दुसरा घालत नाही, तसंच इथेही करायचं. गुलाबी पूर्ण वाळल्याशिवाय पांढऱ्याला हात लावायचा नाही. आयसिंगमध्ये लिंबाचे दोन-चार थेंब टाका. आणि ओल्या साखरेवर झाकण घालून तिला घाम आणायची बुद्धी तुला कशी झाली? उघड्यावर पंख्याखाली ठेवा. मुंग्यांसाठी टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवता येतात.

आता गुडघ्यांचं. हलवा गुडघ्यांनी करत नाहीत, मोहना. परातीत बोटं फिरवावी लागतात आणि माझी बोटं ठणठणीत आहेत. तुझ्या पहिल्या संक्रांतीला मी सासरहून येऊन आठ दिवस शेगडीपाशी बसले होते. त्यानंतर आपल्या घरातल्या प्रत्येक सुनेचे आणि प्रत्येक बाळाच्या बोरन्हाणाचे दागिने माझ्या हातचे आहेत. हे गेले त्याला दोन वर्षं झाली आणि या दोन वर्षांत हलव्याचं मला कोणीच विचारलं नाही. कोणी काही बोललं असतं तर निदान भांडता आलं असतं.

सवाष्णीच्या अंगावर विधवेच्या हातचे दागिने नकोत, असं तुला वाटलं असेल तर तसं सांगायचं होतंस. भास्करराव गेले तेव्हा मी खूप रडले, पण मला परकं कोणी केलं नव्हतं. ते या संक्रांतीला झालं. माझ्याच माहेरी माझे हात चालेनासे झाले का, एवढंच मला कळायला हवं आहे.

मितालीला आशीर्वाद. रमाकांतला गोड कमी दे. माया आटलेली नाही, म्हणूनच इतकं लिहिलं.

तुझी
निरुपमाताई

---

निजामपुरा
२ फेब्रुवारी २०२४

ती. निरुपमाआत्यांना
मितालीचा शिरसाष्टांग नमस्कार (असंच लिहायचं असतं, असं आई म्हणाल्या).

मी मजामां आहे, तुम्हीही असाल. शाळेनंतर मराठीत पहिल्यांदाच इतकं लिहिते आहे, तर लाल पेन बाजूला ठेवून वाचा ना प्लीज.

आत्या, तुमचं सगळं ऐकलं आणि कुकीज एकदम सरस झाल्या! बदाम बदामासारखे दिसतात. कडेची रेघ आता मेंदीच्या कोनाने काढते, हात कमी थरथरतो. यशराजला पंख्याखाली राखणीला बसवलं होतं, त्याने राखण करता करता सहा खाल्ल्या. शेजारच्या जागृतीबेनना चव दाखवली, तर त्यांनी त्यांच्या मिस्टरांसाठी एक बाजूला काढायला सांगितली, वर नाव नको म्हणाल्या, लाज वाटते.

पण काहीतरी कमी आहे. दुकानात ठेवायचं तर सगळ्यांकडे असते तसली गुलाबी कुकी काय कामाची? कडेला काहीतरी वेगळं हवं. बाजारातले चांदीचे गोळे लावून बघितले, दातांखाली खड्यासारखे लागतात.

एक विचारू? संक्रांतीचे पुण्याचे दागिने मला खूप टोचले, आणि संध्याकाळपर्यंत अर्धे गळले. मग मी घरातला जुना अल्बम बघत होते. त्यात आईंच्या पहिल्या संक्रांतीचा फोटो आहे. त्यांच्या अंगावरचे दागिने बघून मी वेडीच झाले, इतके बारीक! बाबांनी सांगितलं की ते तुम्ही केलेले. मी आईंना विचारलं की माझे का नाही करून घेतले. त्या अल्बम मिटून आत गेल्या. परवा तुमचं पत्र आलं, तेव्हा कुकीजचं तेवढं मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि बाकीचं देवघराच्या खणात ठेवलं. माझं काही चुकलं असेल तर मला सांगा. मी या घरात नवीन आहे, कोणाला काय लागतं ते मला अजून कळत नाही.

तुम्ही माझ्याशी तरी फोनवर बोला, असा हट्ट करते.

तुमची
मिताली

---

तरसाली
५ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. मिताली हिस
अनेक आशीर्वाद.

लाल पेन सापडतच नाही, तेव्हा सुटलीस. तुझं काहीही चुकलेलं नाही. लागलं आहे ते आम्हा दोघींना आणि ते तू येण्याच्या आधीचं आहे, त्यासाठी जीव कष्टी करू नकोस.

आमचे शेजारी गणपतराव रोज निजामपुऱ्याला मुलीकडे जातात. त्यांच्याबरोबर एक डबा पाठवते आहे. त्यात काटेरी हलवा आहे, थोडा पांढरा, थोडा केशरी. घरात पडून होता. थंडीच्या दिवसांत तिळाच्या दाण्यावर चमचाभर पाक घालत बोटांनी फिरवत राहिलं की चौथ्या-पाचव्या दिवशी त्याला काटा येतो. आता थंडी सरत आली, या वर्षी पुन्हा जमायचा नाही, तेव्हा जपून वापर. कडेची रेघ ओली आहे तोवर चिमट्याने एकेक दाणा टेकवत जा. दाबू नकोस, काटा मोडतो. आणि दातांखाली तो खड्यासारखा लागणार नाही, विरघळेल.

फोनवर मी तुझ्याशी नक्की बोलेन. ऑर्डर होऊ दे. सध्या मला फोनवर रडू येतं आणि ते तू ऐकावंस असं वाटत नाही.

सासूची काळजी घे. ती वाईट नाही, घाबरट आहे.

तुझ्यावर जीव असलेली
आत्या

---

निजामपुरा
रविवार, ११ फेब्रुवारी २०२४, सकाळ

ती. वन्सं यांना
मोहनाचा सा. न. वि. वि.

हे पत्र टपालात टाकायला मला धीर नाही. तुमच्या भावाच्या हाती देते आहे.

आज सकाळपासून आम्ही दोघी टेबलावर बदाम मांडून हलवा लावतो आहोत. परवा माल द्यायचा आहे आणि निम्म्याहून जास्त कडा बाकी आहेत. मितालीने डबा ताटात उपडा केला आणि चिमट्याने दाण्यांतून काहीतरी वेचून काढायला लागली. म्हणाली, आत्यांच्या गाळण्याच्या फडक्याचे धागे आले असतील. मी बघितलं. पांढऱ्या दोऱ्याचे कापलेले तुकडे होते. काही दाण्यांना सोनेरी कागदाचा कण चिकटलेला होता. आणि एका जागी तीन दाणे अजून एकत्र होते, तुमच्या दुहेरी गाठीने बांधलेले.

ती गाठ मी कशी विसरेन? माझ्या पहिल्या संक्रांतीला संध्याकाळी मला ती सोडवता येईना, तेव्हा तुम्हीच हसत हसत सोडवली होती.

वन्सं, तो घरात पडलेला हलवा नव्हता. ते मितालीचे दागिने होते. कोणी न विचारताच तुम्ही ते करून ठेवले होते आणि मी फोन करून सांगितलं की पुण्याहून मागवले. तुम्ही तेव्हा फक्त बरं म्हणालात. मग तिच्या ऑर्डरीसाठी कात्री घेऊन ते सगळे तोडलेत.

गुडघ्यांचं खोटं होतं. मला कोणी काही सांगितलं नव्हतं, कोणाच्या नावावर ढकलायला मला जागाच नाही. यशराजचं पहिलं लग्न ठरून मोडलं तेव्हापासून माझ्या मनात भीती बसली आहे. हे नीट पार पडावं, कशाचीही सावली नको, असं करता करता ती सावली मी तुमच्या हातांत बघितली. त्याच हातांनी माझं पहिलं बाळंतपण केलं होतं. लिहिताना माझी मला लाज वाटते आहे. मी मितालीला सगळं सांगितलं. तिने चिमटा खाली ठेवला. मग तिने तो तीन दाण्यांचा तुकडा उचलून देवघरात ठेवला.

शुक्रवारी रथसप्तमी, आपल्याकडे हळदीकुंकू आहे. मिताली काळी साडी नेसणार आहे, पण पुण्याचे दागिने घालणार नाही म्हणते, गळा मोकळाच ठेवणार. बायका विचारतील तर खरं काय ते सांगणार आहे. सांगू दे. पण तुम्ही या. मागच्या खोलीत नाही, पुढे माझ्याशेजारी बसायला या. मितालीला वाण तुम्ही द्यायचं. ज्यांना ते चालणार नाही त्यांनी माझ्याकडे येऊ नये, एवढं म्हणायचं बळ मला आता आलं आहे, जरा उशिरा आलं.

पत्राबरोबर एक बदाम आहे. तो माझ्या हातचा आहे, अक्षरावरूनच कळेल.

तुमच्या लोभावर माझा हक्क उरला नाही. तरी मागते.

अपराधी
मोहना

---

तरसाली
रविवारच, दुपार

चि. सौ. मोहना हिस
अ. उ. आ.

रमाकांतला चहावर बसवून हे लिहिते आहे. पत्राचं उत्तर पत्रानेच द्यायचं असतं, म्हणून. नेऊन मीच देणार आहे. तो स्कूटरवरून आला आहे आणि परतताना मागे मी बसणार. गुडघ्यांना विचारलं, ते हो म्हणाले.

तुझा बदाम मिळाला. त्यावर 'वन्सं' लिहिताना तू अनुस्वार इतका मोठा टाकलास की तो ओघळून बदामाच्या टोकापर्यंत पोचला आहे. तीस वर्षांत तुझं अक्षर सुधारलं नाही. मी तो खाल्ला नाही, रमाकांतलाही खाऊ दिला नाही.

पत्र दोनदा वाचलं. राग सगळा गेला असं लिहिलं तर तेही गुडघ्यांसारखंच होईल. थोडा आहे अजून, राहील काही दिवस, मधूनच तुझ्यावर डाफरेन. ऐकून घे. पण तू दुसऱ्या कोणाचं नाव पुढे केलं नाहीस, हे मला फार बरं वाटलं. मी या महिनाभरात मनातल्या मनात सगळ्या नातेवाइकांशी भांडून घेतलं होतं. त्या बिचाऱ्यांची आता माफी मागायला हवी.

दागिने डिसेंबरात केले. यशराजचं लग्न लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तीळ निवडायला बसले. तुझा फोन आला तेव्हा बाजूबंदाची शेवटची गाठ बाकी होती. ती मी फोन ठेवल्यावर मारली, काम अर्धं टाकवत नाही म्हणून. मग डबा कपाटात ठेवून दिला. मितालीचं पत्र आलं तेव्हा वाटलं, कपाटात पिवळे पडण्यापेक्षा तिच्या पहिल्या कामाला लागू देत. हार तोडला, बांगड्या तोडल्या, कंबरपट्टा, बाजूबंद, बिंदी तोडली. हाताला सवय नसलेलं काम होतं, धागे राहिले. तुला कळावं म्हणून ठेवले नव्हते.

नथ मात्र तोडवली नाही. तीन वेळा कात्री लावली आणि तीन वेळा खाली ठेवली. ती भास्कररावांच्या चष्म्याच्या डबीत कापूस घालून ठेवली आहे. ती डबी आता पिशवीत घेतली आहे.

आज संध्याकाळपर्यंत आपण तिघी मिळून कडा पुऱ्या करू. शुक्रवारी मिताली एवढी नथच घालेल, गळा मोकळा राहिला तरी चालेल. ती नाकात मी अडकवीन. तिचा दोरा आखूड आहे आणि ती दुहेरी गाठ मी आजवर कोणाला शिकवली नाही. तू जवळ उभी राहा, तुला शिकवते.

लोभाचं काय मागतेस? तो मी बरोबर घेऊनच निघाले आहे.

तुझी
निरुपमावन्सं