पट्टीवरचा सूर्य

गुरुवार, १३ नोव्हेंबर, संध्याकाळ

आईच्या बीपीच्या गोळ्या आणायला कंपू भागातल्या औषधाच्या दुकानात गेले होते. दुकानदाराने पट्टी पुढे केली, तर तिच्या मागे निळ्या पेनाने काढलेला सूर्य. सात किरणांचा. माझाच.

जंगलातल्या वस्त्यांवर आमच्या मंडळातर्फे आम्ही फुकट औषधं पाठवतो. तिथे फारसं कुणाला वाचता येत नाही, म्हणून मी सकाळच्या गोळ्यांवर सूर्य काढते, रात्रीच्या गोळ्यांवर चंद्र. मंडळातले मधुकाका ती जीपने नेऊन वाटतात. म्हणजे, मी तसं समजत होते.

“ये कहाँ से आई?” मी विचारलं. तो सहज म्हणाला, “एक मराठी काकाजी हैं, जीपवाले. वही दे जाते हैं.”

मग वस्त्यांवरच्या म्हाताऱ्या काय घेतायत? काका तर दर खेपेला सांगायचे, “अगं, तुझा सूर्य बघून हसतात त्या.” ते ऐकून मी सूर्याला डोळेही काढायला लागले. या पट्टीवरच्या सूर्यालाही आहेत.

पट्टी समोर पडली आहे. आईला अजून दिली नाही.

दिवाळीआधी काका म्हणाले होते, “चित्र पट्टीवर नको, पिशवीवर काढ. गोळ्या खराब होतील.” पिशव्या हरवतात म्हणून मी ऐकलं नाही. पण मनात आलं होतं, किती जपतात हे गोळ्यांना.