कान कापलेली चिठ्ठी

सोमवार, ता. ७ सप्टेंबर
हजेरी ५३ पैकी ४१. इयत्ता चार, खोली एक, मास्तर एक. दुपारचा स्वाध्याय तास आज बिनबोभाट पार पडला. घड्याळ लावून पाहिले, पस्तीस मिनिटे.
चौथीला मी भागाकार सांगतो तेव्हा पहिली-दुसरीने आपले आपण वाचायचे. पेटीतून चिठ्ठी काढायची, वाचायची, त्यावर लिहिले असेल ते करायचे, मग ती दुसऱ्या पेटीत. ‘फळ्याजवळ जा.’ ‘पाटीवर कमळ काढ.’ ‘दोन खडे आण.’ चाळीस चिठ्ठ्या, बोरूने, माझ्या हातच्या. पुठ्ठा जुन्या मदरशाच्या हजेरीबुकांचा. निजाम गेला त्या पोलीस अ‍ॅक्शनपासून कपाटात पडून होता. एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला माझे मराठी.
मीही असाच शिकलो. शाळा सगळी उर्दूत झाली. मराठी शिकलो ती वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून. शेजारी बसून कोणी बोट धरले नाही.

गुरुवार, ता. १०
मल्हारी धनगर आला होता. त्याची भागू दुसरीत, आठ-नऊ वर्षांची. उंबऱ्याबाहेरच बसला, काठी आडवी ठेवून. मुंडाशातून गेल्या सालचा चराईचा कागद काढला. दिवाळी झाली की हे लोक कळप घेऊन घाट उतरतात, खानदेशात. तिथल्या नाक्यावर कागद मिळतो, मराठीत. त्यातली मुदत कुणाला वाचता आली नाही, उलटून गेली, दंडात चार मेंढ्या गेल्या.
म्हणाला, “वाचून दावा गुरुजी, काय व्हतं ह्यात.” मोठ्याने वाचून दाखवला. भागू शेजारीच उभी.
“आन् ही वाचंल का असलं?”
तिला पाच चिठ्ठ्या काढायला लावल्या. पाचही धडाधड. मी म्हणालो, “माझ्या हाताखालची पोर आहे. कोणताही कागद पुढं टाका.”
असेच म्हणालो. शब्दशः.

मंगळवार, ता. २२
छप्पर गळून पेटी भिजली. सहा चिठ्ठ्या वाया. कोऱ्या कागदावर पुन्हा लिहिल्या, मजकूर तोच.
स्वाध्याय तासात भागूला नेमकी त्यातली एक आली. हातात धरून उभी. उलटून पाठ बघते.
“ही नवी हाय, गुरुजी.”
“नवी असली म्हणून काय झालं? अक्षरं तीच.”
तरी वाचेना. हट्टी वाटली. तास संपेतो उभी ठेवली.

गुरुवार, ता. २४
आज कळले.
तिची मैत्रीण शांता खुदखुदत म्हणाली, “गुरुजी, हिनं चिठ्ठ्यांना नावं ठेवलीत.” मग भागूनेच चिठ्ठ्या मांडून दाखवल्या, पाठीकडून. कोपरा फाटलेली ती कान कापलेली, ‘फळ्याजवळ जा’. तेलाचा डाग पडलेली ती भुरी, ‘दोन खडे आण’. जिच्या पाठीवर उर्दूचे वाकडे लाम अक्षर आहे ती शिंगवाली. चौतीसच्या चौतीस. भिजलेल्या सहांचीही आठवण काढली, मेलेल्या मेंढ्यांची काढावी तशी.
“आमच्या शंभरावर हायत. म्या समद्या वळखते. ह्या तर चाळीसच.”
लपवाछपवी काही नाही. उलट मलाच विचारते, “वाचणं म्हंजी वळखणंच नं, गुरुजी?”
दुसरीची चौदा पोरे एकेक करून तपासली. नऊ जण ही नावे तिच्याकडून शिकलेले. तास बिनबोभाट का चालतो, हे तपासायचे माझ्या डोक्यात कधी आले नाही. मी, जो हजेरीतला एक काना चुकला तर पान पुन्हा लिहितो.

शनिवार, ता. २६
नव्या चाळीस चिठ्ठ्या. एकाच मापाच्या, पाठ कोरी, कोपरे कात्रीने सारखे केलेले. तास अकरा मिनिटांत मोडला. पहिली रडते, दुसरी एकमेकांना विचारते. भागूला खरोखर येणारी अक्षरे: सात.

सोमवार, ता. ५ ऑक्टोबर
स्वाध्याय तासात आता भागूजवळ बसतो. दहा मिनिटे. तेवढ्यात तिसरी ओढ्यावर, चौथीत मारामारी. पाटी फुटली.
अक्षरे अकरा. वेलांटी कुठल्या बाजूची, हे ठरत नाही.
म्हणाली, “समदी एकसारखीच दिसत्यात. ह्यांना कान नाय, शिंग नाय.”
मला स्वतःला कसे आले होते, तेच आठवत नाही. पुड्या आठवतात. पहिली पुडी नाही.

मंगळवार, ता. २०
तीन दिवस आली नाही, मेंढी व्याली म्हणून. बारा अक्षरे होती, नऊ उरली.
घरची म्हणाली, “तिच्या बापाला सांगून का टाकत नाही?”
“पोर तयार होईल.”
“कधी? की तुम्हाला सांगायची लाज वाटते?”
जेवण अर्धे टाकून उठलो.
दोनदा त्यांच्या मेंढवाड्यापर्यंत जाऊन परत आलो. कुत्री फार आहेत तिथे.

शनिवार, ता. ३१
उद्यापासून दिवाळीची सुट्टी. अक्षरे एकवीस. ‘घर’, ‘मका’, ‘नळ’ वाचते, बोट ठेवून, घाम फुटेतो.
संध्याकाळी गेलोच. मल्हारी लोकर कातरत होता. म्हणालो, “मल्हारीबुवा, पोरीला अजून वाचता येत नाही. माझी चूक झाली. तिला इथंच ठेवा, माझ्या घरी राहील. उन्हाळ्यापर्यंत तयार करतो.”
तो हसला. “लई माया लागली वाटतं गुरुजी. ठेवून घ्यायला बघता.”
“खरं सांगतोय मी.”
“मंग त्या दिशी काय लबाड बोलला व्हता?” कातर खाली ठेवली, गेल्या सालचा कागद काढला. “भागे, वाच गं.”
भागूने कागद घेतला. आधी उलटा करून पाठ पाहिली. हळदीचा डाग होता. मग सुलटा धरून माझ्याकडे बघत म्हणू लागली. सप्टेंबरात मी वाचला होता तसा, शब्दाला शब्द. मी खोकलो होतो तिथे थांबलीसुद्धा.
“बगा,” मल्हारी म्हणाला. पुन्हा कातर उचलली.
पुढे बोललो, पण काय बोललो ते कोणी ऐकत नव्हते. तिची आई ताक घेऊन आली. ते प्यालो.

बुधवार, ता. ११ नोव्हेंबर
आज निघाले. सकाळीच गाठले. सुट्टीत सगळे सोडून एवढेच केले होते: एका चिठ्ठीवर ‘मुदत’, एकेकीवर आकडे, एकेकीवर महिन्यांची नावे. म्हटले, कागदावर हा शब्द शोधायचा, त्याच्यापुढे काय आहे ते ह्यांच्याशी ताडून बघायचे. बाकी काही वाचू नको.
तिने नीट ऐकले. ‘मुदत’ची चिठ्ठी हातात घेऊन मागेपुढे पाहिली. मग दाताने तिचा कोपरा तोडला.
“आता हुकायची नाय.”
सांगायला तोंड उघडले, तोवर कळप हलला. धुळीत पाचसहाशे पावले मी त्यांच्याबरोबर चाललो. मल्हारी म्हणाला, “परता आता गुरुजी, ऊन चढलं.”

गुरुवार, ता. ३ डिसेंबर
हजेरी ४६. स्वाध्याय तास तेरा मिनिटे.
अजिंठ्याच्या बाजाराहून आलेला बैलगाडीवाला शाळेपाशी पाणी प्यायला थांबला. घाटाखालच्या नाक्यावर धनगराचा कळप अडवलाय म्हणाला. मुदतीचे काहीतरी. कोणाचा, नाव ठाऊक नाही.
“बरोबर पोरगी होती का?”
“व्हती की. शिपायासमोर कागद धरून हुबी व्हती.”
“कागद कोणत्या बाजूनं बघत होती?”
त्याला प्रश्न कळला नाही. पुन्हा विचारला. तांब्या खाली ठेवून तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.